आत्याबाई आणि लोकांचे मामा

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तिन्ही गावांतल्या, अंगात रक्त असलेल्या तमाम नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझ्या बायकोची आत्या सेवानिवृत्त झालेली नाही. तशी अफवा आहे. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात आत्याबाईंचा निरोपसमारंभ झाला, शाल पांघरली गेली, नारळ हातात पडला, सहकाऱ्यांनी रडवेली भाषणं केली, हे सगळं खरं आहे. मी स्वतः दुसऱ्या रांगेत बसून तिथला सामोसा खाल्ला आहे. पण त्याच संध्याकाळी, ती शाल अंगावर असतानाच, बदलापूर स्टेशनबाहेर त्यांनी शेअर रिक्षावाल्याच्या अंगठ्यावरची पट्टी पाहिली आणि विचारलं, "कधी लागलं? रक्त थांबायला किती वेळ लागला?" रिक्षावाला म्हणाला, "कालच लागलं मॅडम. पाना सटकला." "आणि थांबलं कधी?" "काय माहीत. मी घड्याळ लावून बसलो नव्हतो." त्यावर आत्याबाई हेंद्रेपाड्यापर्यंत त्याला समजावत राहिल्या की रक्त येत असताना माणसानं घड्याळ बघणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. तेव्हाच मी ओळखलं की ही शाल फुकट गेली.

या पट्ट्यात कोणाचं रक्त वेळेवर गोठतं आणि कोणाचं गोठत नाही, याची बित्तंबातमी एकट्या या बाईंकडे असते, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्या रक्त गोठण्याच्या विकारांच्या डॉक्टर आहेत आणि संशोधकही. अंबरनाथला त्यांचे वडील कारखान्यात फिटर होते. चाळीतल्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली एका दिव्यात अभ्यास करणारी भावंडं, त्यातल्या या थोरल्या. डॉक्टर झाल्यावर बरोबरीच्या सगळ्यांनी भराभर चांगले चांगले अवयव घेऊन टाकले. कोणी हृदय घेतलं, कोणी डोळे, कोणी त्वचा. "मला काही उरलंच नाही," आत्याबाई सांगतात, "म्हणून मी जे सगळीकडे वाहत होतं ते घेतलं." मग जिन्याखालच्या एका खोलीत त्यांनी प्रयोगशाळा मांडली. एकाच घरातल्या दोन भावांना एकच दोष असताना एक जण कमी का रक्ताळतो आणि दुसरा जास्त का, या एका प्रश्नामागे त्यांनी तारुण्य घालवलं. उत्तर मिळालं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अर्धं मिळालं. उरलेलं अर्धं शोधायला पोरी ठेवून आलेय तिथे. माझ्यापेक्षा हुशार आहेत."

रक्त गोठतं कसं, हे त्यांच्याइतकं सोपं करून सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही. त्या म्हणतात, पंगत डोळ्यांसमोर आणा. एक जण पानं मांडतो, त्याच्यामागून मीठ-लिंबू वाढणारा येतो, त्याच्यामागून चटणीवाला, भाजीवाला, भातवाला. प्रत्येक जण पुढच्याला हाक मारतो, आणि सगळे आले की लोक जेवायला लागतात. शरीरात जखम झाली की अशीच वाढप्यांची रांग लागते. "आणि आठवा वाढपी, समजा वरणवाला, आलाच नाही," आत्याबाई बोट उगारतात, "तर नववा उभा, दहावा उभा, पानावर भात कोरडा आणि पंगत खोळंबलेली. तो आठवा नाही म्हणजे हिमोफिलिया." उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. शेजारच्या सिंधी मिठाईवाल्याला मी हा सिद्धांत ऐकवला तेव्हा त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि शेवटी विचारलं, "साईं, फिर मिठाई कौन परोसता है?"

आता मुख्य व्यसनाकडे वळतो. आत्याबाईंना लोकांचे मामा लागतात.

त्याला शास्त्रीय कारण आहे. हा विकार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला फारसं काही होत नाही, पण तिच्या भावाला झालेलं असतं. त्यामुळे एखाद्या मुलाचं रक्त थांबत नाही म्हटलं की आत्याबाई मुलाकडे नंतर बघतात, आधी मामा विचारतात. मामा किती? त्यातले आज आहेत किती? जे नाहीत ते कशानं गेले? एखाद्या घरात म्हातारी सहज म्हणाली की "आमच्या माहेरी मुलगे टिकत नाहीत बाई, कुणाची नजर आहे," की आत्याबाई खुर्चीत ताठ होतात आणि हातातला चहा विसरतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा हिच्या घरचे सगळे माझी कमाई, शिक्षण, स्वभाव यांची चौकशी करत होते. आत्याबाईंनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, दाढी करताना कापलं तर किती वेळ वाहतं? दुसरा, मामा किती? मी म्हणालो, तीन, तिघेही ठणठणीत, त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत. "मग हरकत नाही," त्या म्हणाल्या, आणि माझं लग्न झालं. माझ्या आयुष्यात माझ्या मामांचा झालेला हा एकमेव उपयोग.

दुसरं म्हणजे त्या माणसाचा चेहरा बघत नाहीत, गुडघे बघतात. या विकारात सांध्यांमध्ये आतल्या आत रक्त साचतं आणि पुन्हा पुन्हा साचून गुडघा धरून जातो. त्यामुळे भर बाजारात कोणी पाय ताठ टाकत चालला असेल, की आत्याबाई पिशवी माझ्या हातात देऊन त्याच्यामागे निघाल्याच. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना त्या समोरून ओळखत नाहीत, पण बर्म्युडा घालून आले की लगेच "या, या" करतात. हिंदू लग्नांचं तर त्यांना भलतंच वेड. आमच्या बौद्ध लग्नांत मामाला खास काम नसतं. हार घातले, वंदना झाली, की जेवायला मोकळे. पण तिकडे मुलीला मांडवात आणायला खुद्द मामाच लागतो, आणि तो सगळ्यांच्या देखत चालत येतो. "सरकारनं शोधून काढले नसते इतके मामा," आत्याबाई म्हणतात, "ही माणसं दर लग्नात स्वतःहून चालवून दाखवतात."

वंशावळ मांडायला त्यांना कागद लागत नाही. त्यांच्या शास्त्रात पुरुष चौकोनानं दाखवतात आणि बाई वर्तुळानं. मागे एका दिवाळीत आमच्याकडे फराळाला हिची एक मैत्रीण आली होती. तिच्या मुलाला अंगावर काळेनिळे डाग उठतात असं ती बोलता बोलता म्हणून गेली. झालं. आत्याबाईंनी फराळाचं ताट पुढे ओढलं. शंकरपाळे म्हणजे पुरुष आणि अनारसे म्हणजे बायका. टेबलावर तीन पिढ्या उभ्या राहिल्या. ज्या बाईकडून दोष पुढे जाऊ शकतो तिचा अनारसा त्यांनी अर्धा खाऊन ठेवला, म्हणजे खूण पटावी. मैत्रीण डोळे पुसत पुसत सांगत होती, आत्याबाई मांडत होत्या, मामा सापडायच्या बेतात होता, आणि तेवढ्यात आमचे शेजारी शुभेच्छा द्यायला आले, बसले, आणि बोलण्याच्या नादात मुलाची पणजी उचलून खाल्ली. आत्याबाई त्यांच्याकडे जशा बघत राहिल्या तसं नंतर कोणी त्यांच्याकडे बघितलेलं नाही. ते गृहस्थ अजूनही आमच्याकडे आले की ताटाला हात लावण्याआधी विचारतात, "हे कोणाचे नातेवाईक नाहीत ना?" मुलाची तपासणी झाली, त्याला औषध सुरू झालं आणि आता तो शाळेत कबड्डी सोडून सगळं खेळतो, हेही सांगायला हवं.

त्यांच्या फ्रिजबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतो. त्यात भाजी ठेवायला बंदी आहे. दूध ठेवायचं तर बाहेर, कोथिंबीर ठेवायची तर बाहेर, आणि जावयानं प्रेमानं आणलेलं श्रीखंड तर जिन्यातच संपवायचं. आत फक्त औषधाच्या कुप्या आणि बर्फाच्या पिशव्या. रक्तात जो वाढपी नसतो तोच बाहेरून शिरेत सोडायचा, त्या औषधाला सगळे फॅक्टर म्हणतात. जवळपासच्या कोणाला अडीनडीला लागलं तर हाताशी असावं म्हणून त्या तो जपून ठेवतात. एकदा बदलापुरात वीज गेली ती येईना. आत्याबाईंनी थर्माकोलचा डबा मांडीवर घेतला, रिक्षा केली आणि थेट माझं दुकान गाठलं. माझ्याकडे फ्रिज नाही. पण शेजारच्या मिठाईवाल्याकडे जनरेटर आहे आणि माणूस उभा राहील एवढा काचेचा फ्रिजही. त्यानं एक अख्खा कप्पा रिकामा करून दिला. दुपारी आत्याबाईंनी फोन करून चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरसाहिबा, चिंता मत करो. आपका फॅक्टर मेरी रबडी के बाजू में सोया है. दोनों को मैंने अलग-अलग चादर दी है."

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांची बैठक भरते. या बैठकीत पेशंट आणि त्यांच्या आया घरच्या घरी शिरेत सुई घालायला शिकतात, कारण गुडघ्यात रक्त साचायला लागलं की मुंबई गाठेपर्यंत थांबणं परवडत नाही. शिकण्यासाठी हात लागतो, आणि चांगल्या ठसठशीत शिरा असलेला हात लागतो. पहिल्या रविवारी आत्याबाईंनी जमलेल्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "जावईबापू, बाही वर करा." तेव्हापासून मी या कार्याला वाहून घेतलं आहे. प्रत्येकाची सुई नवी, पण हात तोच. अंबरनाथपासून वांगणीपर्यंतच्या माउल्या माझ्या कोपराच्या खोबणीत शिकून तयार झाल्या आहेत. बाजारात एखादी अनोळखी बाई मला बघून हसते, आणि माझी बायको संशयानं बघते, तेव्हा मला सांगावं लागतं की बाई मला नाही, माझ्या डाव्या हाताला ओळखते.

याच बैठकीत मला दिनेश भेटला. त्याचं नाव मी बदललं आहे, आणि हे सगळं लिहू का म्हणून त्याला विचारलंही आहे. तो म्हणाला, "लिहा ना दादा. फक्त माझा गुडघा जरा बरा लिहा." तर, दिनेशचा डावा गुडघा बरा आहे. वाकत तेवढा नाही.

बदलापूर गावात त्यांचं शेतकऱ्याचं घर. जमीन आता बरीचशी इमारतींखाली गेली आहे. दिनेश मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतो, बसून करायचं काम म्हणून. तो लहान असताना फॅक्टर सहज मिळत नसे. गुडघा सुजला की बर्फ आणि वाट बघणं, एवढाच इलाज. त्याची थोरली बहीण सुनंदा त्याला पाठुंगळी मारून, सुजलेल्या पायाला ओल्या धडप्यात बर्फ बांधून, मुंबईला आत्याबाईंकडे घेऊन यायची. आत्याबाई सांगतात, ती पोरगी स्वतःच एवढीशी होती, भावाचे पाय तिच्या पोटऱ्यांना लागायचे. ती जिन्याखालच्या खोलीच्या दारात उभी राहिली की आत्याबाईंना आधी बर्फाच्या पाण्याचे थेंब ऐकू यायचे. आता नवीन औषधं आली आहेत, सरकारी रुग्णालयात मिळतातही, आणि दिनेश स्वतःच्या हातानं सुई लावतो. पण लहानपणी धरलेला गुडघा सुटत नाही.

या सुनंदाच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं. त्या रविवारी दिनेश बैठकीला आला तो नेहमीसारखा बडबडत आला नाही.

"मॅडम, पोरगा अंबरनाथचा आहे. कंपनीत सुपरवायझर. चांगला आहे."

"मग मामाला नवीन कपडे घे," आत्याबाई म्हणाल्या.

"घेतलेत. पण मामा म्हणून कर्जतचा किशोर उभा राहणार आहे."

"कोण किशोर?"

"आमच्या आईच्या मावशीचा नातू. पाय सरळ आहेत त्याचे." तो हसला. "पोराकडचे विचारतील ना, मामाचा पाय असा का? मग सगळंच निघंल. आजार आईकडून येतो, म्हणजे ताईकडे पण असंल, म्हणजे पल्लवीकडून पुढे जाईल. त्यांची आजी लई कडक आहे म्हणतात. ताई रडली, पण भावजींचं पण बरोबर आहे. माझं काय, मी मागं मठ्ठ्याच्या टेबलाजवळ बसेन."

आत्याबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "पल्लवीला माहीत आहे?"

"मी मागं बसणार ते? तिला कशाला सांगायचं आताच. मांडवात कळंल."

आणि तिथून पुढे आत्याबाई गप्प झाल्या. वाचकहो, ज्या बाई परक्या माणसाला बसस्टॉपवर विचारतात की दात काढला तेव्हा उशी भिजली होती का, त्या गप्प झाल्या. चहात मीठ पडू लागलं. भाजीवालीच्या बोटाला चिंधी होती, त्यांनी नुसती मेथी घेतली. ओळखीच्या रिक्षावाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडमची तब्येत बरी आहे ना? मी आज ढोपर फोडून घेतलंय, दाखवलं पण, काहीच बोलल्या नाहीत."

मला राहवेना. मी म्हणालो, "आत्या, तुम्ही सरळ जाऊन मुलाकडच्यांना समजावून सांगा. तुमच्याइतकं सोपं कोण सांगणार?"

"मी कोण सांगणारी?" त्या म्हणाल्या. "दिनेशचं रक्त दिनेशचं, पल्लवीचं पल्लवीचं. त्यांनी सांगायचं तर सांगतील. डॉक्टरच्या तोंडातून ते वाहायला लागलं तर माझ्याकडे पुन्हा कोण येईल?"

"पण मग दिनेश मठ्ठ्यापाशीच बसणार."

"मठ्ठ्यापाशी बसून माणूस मरत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "मला दुसरी भीती आहे. लग्न होईल, दिवस जातील, कुठल्यातरी दवाखान्यात बाळ होईल, आणि तिथल्या डॉक्टरला कोणी काही सांगितलेलंच नसेल. आधी माहीत असेल तर सगळं सांभाळता येतं. आता मुलगा झाला म्हणून घाबरायचे दिवस नाहीत राहिले. पण माहीत पाहिजे. आणि ज्या घरात मामाच लपवला तिथे कोण सांगणार?" एवढं बोलून त्यांनी माझ्या चहात साखर म्हणून मीठ घातलं आणि मी तो प्यायलो, कारण त्या वेळी दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

लग्न बदलापूर गावाच्या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये होतं. दिनेशनं आम्हाला पत्रिका दिली होती. आत्याबाई फिक्या निळ्या साडीत, मी सफारीत. शिरता शिरता मला दिनेश दिसला. खरोखरच शेवटच्या रांगेत, मठ्ठ्याच्या टेबलाला लागून, नवा कुर्ता घालून, डावा पाय पुढे ताठ ठेवून बसलेला. व्यासपीठाशेजारी कर्जतचे किशोरमामा फेटा बांधून तयार. घामानं निथळत होते आणि फेट्याच्या आत एक बोट घालून डोकं खाजवत होते. मुलाची आजी नऊवारीत, नाकात नथ, भटजींच्या अगदी बाजूला खुर्ची टाकून बसलेली. तिच्या समोरून जाताना मुलाकडचे मोठमोठे बाप्ये पोट आत घेत होते.

भटजींनी कॉलरला माइक लावला आणि म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

किशोरमामा उठले. आत्याबाईंनी माझा डावा हात घट्ट धरला, नेमका कोपराच्या खोबणीत. किशोरमामा वधूच्या खोलीत गेले. लगेच बाहेर आले. एकटे.

"काय झालं?" पल्लवीच्या वडिलांनी विचारलं.

"ती येत नाही," किशोरमामा म्हणाले. तेही सगळ्यांना ऐकू गेलं, कारण हॉलमध्ये एकदम शांतता झाली होती. "ती म्हणते, तुम्ही कोण?"

सुनंदानं तोंडाला पदर लावला. पल्लवीच्या वडिलांनी खोलीच्या दाराशी जाऊन हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. आतून उत्तर आलं ते हलकं नव्हतं. "पप्पा, मला मामा दोन नाहीत. एकच आहे. तो आला की मी येते."

मुलाकडच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. मामा कोण, कुठे आहे, भांडण आहे का, पळून गेलाय का. मी आत्याबाईंकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या थरथरत असतील. तर त्या समोर बघत होत्या, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर ते फराळाच्या ताटासमोरचं हसू उमटत होतं.

तेवढ्यात नवरामुलगा पाटावरून खाली उतरला. आजीसमोर वाकून म्हणाला, "आजी, तिचा खरा मामा मागं बसलाय. त्याला रक्ताचा आजार आहे, त्यानं पाय गेलाय. पल्लवीनं मला साखरपुड्याच्या आधीच सांगितलंय. आम्ही दोघं डॉक्टरबाईंना भेटून आलोय. तपासण्या पण झाल्यात. मला सगळं माहीत आहे."

मी हळूच विचारलं, "आत्या, हे दोघं तुमच्याकडे येऊन गेले? कधी?"

"दिनेश सांगायला आला त्याच्या आदल्या आठवड्यात," आत्याबाई समोर बघतच म्हणाल्या.

"मग इतके दिवस ते मीठ, ती मेथी..."

"मला मामा-भाची दोघांचं माहीत होतं आणि दोघांना एकमेकांचं नव्हतं. मी काय करणार होते? आणि पोरीनं मुलाला सांगितलं तरी तो घरात बोलेल की नाही, ते कुठे माहीत होतं? दवाखाना तर मोठी माणसं ठरवतात." तपासणीत काय निघालं, ते मात्र त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही आणि आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी विचारणारही नाही.

इकडे सगळ्यांचे डोळे आजीकडे लागले होते. आजीनं नातवाकडे बघितलं, मग मागे मठ्ठ्याच्या टेबलाकडे. "इतका लांब कशाला बसवलाय त्याला?" एवढंच म्हणाली. त्यातून बरं की वाईट काहीच कळेना.

किशोरमामा मात्र तत्परतेनं शेवटच्या रांगेकडे निघाले. जाता जाता फेटा काढला आणि दिनेशच्या डोक्यावर ठेवला. "घे बाबा, तुझं तू. सकाळपासून शिजलोय मी याच्यात."

दिनेश उठेना. मान हलवत राहिला. मला वाटलं आता आत्याबाई उठतील, त्याचा हात धरतील, चार शब्द सुनावतील. मी म्हणालोही, "जा ना तुम्ही." त्या म्हणाल्या, "मी गेले तर तो पेशंट होतो. आज मामा आहे." त्यांनी मला फक्त व्हिडिओवाल्याची वाटेत पडलेली वायर बाजूला करायला पाठवलं. मी वायर उचलून उभा होतो तेव्हा सुनंदा माझ्या अंगावरून गेली. ती भावापाशी पोहोचली आणि नुसती त्याच्यापुढे पाठ करून किंचित वाकली, जशी पूर्वी त्याला पाठीवर घ्यायला वाकत असेल तशी. दिनेश हसला आणि डोळे पुसत म्हणाला, "उठतो गं ताई. आता तुला पेलायचा नाही मी."

तो खोलीत गेला आणि पल्लवीला घेऊन बाहेर आला. शालूचा बोंगा सावरत तिनं त्याचा दंड धरला होता. कोण कोणाला आणत होतं ते सांगता येत नव्हतं. दिनेश ताठ पाय आधी टाकायचा, मग दुसरा ओढून आणायचा, मग क्षणभर थांबायचा. गालिच्यावर फुलांच्या पाकळ्या पडलेल्या, कोणाचं तरी सरबत सांडलेलं, आणि व्यासपीठ मला कधी वाटलं नव्हतं इतकं लांब. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. लोक मुठीत अक्षता धरून उभे. आत्याबाईंनी चष्मा काढला होता, म्हणजे त्यांना काही दिसत नसणार, तरी त्या त्याच्या पावलांकडेच बघत होत्या. मला एकदम आठवलं की जिन्याखालच्या त्या खोलीत दिनेशसारखी कितीतरी पोरं आली होती. त्यातल्या कितीकांना बर्फ आणि वाट बघणं पुरलं नव्हतं, आणि ती कोणाचेच मामा झाली नव्हती. आत्याबाई त्यांच्याबद्दल कधी बोलत नाहीत. त्या दिवशीही बोलल्या नाहीत.

भटजींनी घड्याळ बघितलं. "मामा, जरा पाय उचला. मुहूर्त टळतोय."

दिनेश गडबडला. घाईनं पाऊल टाकायला गेला आणि पाकळ्यांवरून जरासा घसरला. पल्लवीनं त्याला धरलं. आजी खुर्चीतून उठून उभी राहिली, भटजींच्या अगदी कॉलरपाशी, आणि तिचा आवाज त्या माइकमधून हॉलभर, बाहेर रस्त्यावर, स्वयंपाक्यांपर्यंत गेला:

"मुहूर्त जाव दे. मामा पडला नाय पायजे."